बॅटरीवर चालणारे मेश नोड: हॅम मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्नोत्तर हौशी रेडिओच्या (हॅम) मेश जाळ्यात वायरलेस राउटर, म्हणजेच जाळ्यातला नोड, बॅटरीवर चालवू पाहणाऱ्यांसाठी आहे. मल्टिमीटर हाताळता येतो आणि ओहमचा नियम ठाऊक आहे, एवढे गृहीत धरले आहे. राउटरमध्ये फर्मवेअर (राउटर चालवणारा आतला प्रोग्राम) कसे चढवायचे हा विषय येथे घेतलेला नाही. येथे बोलायचे आहे ते फक्त विजेबद्दल.

हॅम मेश म्हणजे काय, आणि त्यात बॅटरीचा प्रश्न एवढा महत्त्वाचा का?

बाजारात मिळणाऱ्या वायफाय राउटरमध्ये वेगळे फर्मवेअर घालून त्यांना एकमेकांशी आपोआप जोडून घ्यायला लावायचे, आणि मधला एखादा नोड बंद पडला तर माहितीने दुसरी वाट शोधावी, ही मेशची मूळ कल्पना आहे. अमेरिकेत टेक्सासमधील हॅम मंडळींनी लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरवर एचएसएमएम-मेश उभारले. पुढे त्याला ब्रॉडबँड-हॅमनेट हे नाव मिळाले, आणि त्याच कामातून २०१५ च्या सुमारास एआरईडीएन, म्हणजे हौशी रेडिओ आपत्कालीन डेटा नेटवर्क, हा प्रकल्प वेगळा झाला. आज बहुतेक जण एआरईडीएनचे फर्मवेअर युबिक्विटी, मायक्रोटिक, टीपी-लिंक आणि जीएल-आयनेट यांच्या ठरावीक राउटरांवर चालवतात.

या जाळ्याचा उपयोग वीज, मोबाईल आणि इंटरनेट गेल्यावर व्हायचा असतो. त्यामुळे भिंतीतल्या सॉकेटवर उत्तम चालणारा नोड हे अर्धेच काम झाले. डोंगरावरचा एक नोड मध्यरात्री बंद पडला आणि त्याला पर्यायी वाट नसली, तर त्याच्या पलीकडचे सगळे तुटतात.

राउटरच्या अडॉप्टरवर १२ व्होल्ट लिहिले आहे. मग १२ व्होल्टची बॅटरी थेट जोडली तर चालते का?

पुष्कळदा चालते, पण ‘१२ व्होल्टची बॅटरी’ हे नाव आहे, मोजमाप नव्हे. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरून काही तास निवांत ठेवली तर १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते, निम्मी उतरल्यावर सुमारे १२.२ व्होल्ट, आणि भार चालू असताना पार उतरली की ११.५ व्होल्टच्या खाली जाते. चार्जर लावल्यावर तीच बॅटरी १४.४ व्होल्टपर्यंत चढते. म्हणजे तुमच्या राउटरला साधारण ११ ते १४.५ व्होल्ट हा सगळा पट्टा सोसता आला पाहिजे, आणि मधल्या वायरीत होणारी घट धरली तर खालची मर्यादा आणखी खाली जाते.

या पानावरच्या जवळपास सगळ्या अडचणींचे मूळ येथे आहे. लोक बॅटरी किती अँपिअर-तासांची घ्यावी यावर खूप चर्चा करतात. प्रत्यक्षात नोड बंद पडतात ते राउटरच्या पिनेपाशी, सर्वांत वाईट क्षणी, पुरेसा व्होल्टेज उरत नाही म्हणून. बॅटरीच्या टर्मिनलवरचा आकडा समाधान देतो. निर्णय मात्र राउटरच्या पिनेपाशी मोजलेल्या आकड्यावर घ्यावा.

माझा राउटर १४.४ व्होल्ट सोसेल की नाही, हे कसे ओळखावे?

सर्वांत चांगला पुरावा म्हणजे उत्पादकाने दिलेला पट्टा. मायक्रोटिकचा हॅप एसी लाइट हा राउटर १० ते २८ व्होल्ट स्वीकारतो, त्यामुळे त्याची काळजी करण्याचे कारण नाही. असा पट्टा दिलेला नसेल तर राउटर उघडून वीज आत येते त्या पिनेजवळचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पाहावा. त्या गोल डबीवर १६ व्ही किंवा २५ व्ही असे छापलेले असते. २५ असेल तर त्या कपॅसिटरपुरती चिंता मिटली. १६ असेल तर १४.४ व्होल्ट कागदोपत्री चालतात, पण उन्हात तापणाऱ्या डबीत कायम तेवढ्यावर ठेवल्यास त्याचे आयुष्य लवकर संपते. त्याच्या शेजारची रेग्युलेटर चिप कोणती आहे हे भिंगातून वाचता आले तर तिचे माहितीपत्रक काढून कमाल इनपुट व्होल्टेजही पाहावा, कारण चिप आणि कपॅसिटर यांत जो आधी हार मानेल तीच खरी मर्यादा.

पाच व्होल्टवर चालणाऱ्या राउटरला बॅटरी थेट जोडण्याचा प्रश्नच येत नाही. त्याला मोटारीत वापरतात तसा बऱ्यापैकी दर्जाचा १२ ते ५ व्होल्टचा कन्व्हर्टर द्यावा.

मग सरळ छोटा इन्व्हर्टर लावून मूळचा अडॉप्टर का वापरू नये?

तात्पुरते वापरायला हरकत नाही. पण १२ व्होल्टचे २३० करायचे आणि लगेच त्या २३० चे पुन्हा १२ करायचे, यात दोनदा तोटा होतो, शिवाय इन्व्हर्टर स्वतः रिकामा चालतानाही काही वॅट खातो. नोडच जेमतेम सहा वॅटचा असेल तर इन्व्हर्टरचा हा स्वतःचा खर्च नोडच्या खर्चाच्या बरोबरीने जाऊ शकतो. त्यापेक्षा डीसीवरून डीसीच द्यावी.

एका नोडला प्रत्यक्षात किती वीज लागते?

अडॉप्टरवर छापलेला आकडा हा अडॉप्टरची क्षमता सांगतो, राउटरची गरज नव्हे. १२ व्होल्ट १ अँपिअर लिहिलेले असले तरी राउटर १२ वॅट घेतोच असे नाही. युबिक्विटीच्या नॅनोस्टेशन एम मालिकेचा कमाल खर्च ८ वॅट दिलेला आहे. खिशात मावणारे यूएसबीवरचे जीएल-आयनेटचे छोटे राउटर दीड-दोन वॅटमध्ये भागवतात.

स्वतः मोजणे केव्हाही चांगले. बॅटरी आणि राउटर यांच्यामध्ये डीसी वॉटमीटर घालावा. नसेल तर मल्टिमीटर अँपिअरच्या पट्ट्यावर ठेवून मालिकेत जोडावा. तीन वेळा आकडा टिपावा: चालू होतानाचा, नुसता बसलेला असतानाचा आणि शेजारच्या नोडकडे मोठी फाईल सलग पाठवत असतानाचा. बॅटरी किती मोठी हवी हे सरासरीवरून ठरते. वायर, फ्यूज आणि कन्व्हर्टर मात्र कमाल आकड्यावरून निवडावे लागतात. आणखी एक गोष्ट ध्यानात असावी: मेश नोड कधीच पूर्ण झोपत नाही. शेजाऱ्यांची हजेरी घेणे आणि वाटांचा हिशेब ठेवणे अखंड चालू असते, त्यामुळे कोणी वापरत नसतानाही खर्च शून्याच्या जवळ जात नाही.

प्रेषणशक्ती कमी करून बॅटरी वाचवता येते का, असेही विचारले जाते. फारसे नाही. राउटर बहुतेक वेळ ऐकत असतो, आणि प्रोसेसर व रिसीव्हर यांचा खर्च तसाच राहतो. न लागणारा दुसरा बँड बंद केल्याने मात्र खरा फरक पडतो.

बॅटरी किती अँपिअर-तासांची घ्यावी?

हिशेब वॅट-तासांत करावा, म्हणजे वेगवेगळ्या व्होल्टेजचा गोंधळ होत नाही. समजा खांबावर ६ वॅटचा बाहेरचा नोड आहे, तंबूत ४ वॅटचा हॅप आहे आणि त्याला ३ वॅटचा आयपी फोन जोडला आहे. एकूण १३ वॅट, २४ तासांचे ३१२ वॅट-तास. वायर आणि कन्व्हर्टरच्या तोट्यासाठी १५ टक्के वाढवले की साधारण ३६० वॅट-तास होतात.

लेड-ॲसिड बॅटरी नियमितपणे निम्म्यापेक्षा खाली उतरवली तर लवकर निकामी होते, म्हणून दुप्पट, म्हणजे ७२० वॅट-तास, किंवा १२ व्होल्टला ६० अँपिअर-तास धरावे. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी ८५ टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते, त्यामुळे १२.८ व्होल्टची ३३ अँपिअर-तासांची बॅटरी पुरते. वजनातला फरक टेकडी चढताना कळतो: पहिली एका माणसाचे स्वतंत्र ओझे, दुसरी पाठपिशवीत इतर सामानाबरोबर जाते.

संगणकाच्या यूपीएसमधून काढलेली ७ अँपिअर-तासांची बॅटरी पुष्कळांच्या घरात पडून असते. वरच्या भारावर ती निम्मी उतरायला तीन तासही लागत नाहीत, आणि यूपीएसने टाकून दिलेली असेल तर तेवढीही अपेक्षा ठेवू नये. नोड घरात जोडून पाहण्यासाठी ती ठीक आहे, एवढेच.

लेड-ॲसिड घ्यावी की लिथियम?

जी वाहून न्यायची आहे ती लिथियम आयर्न फॉस्फेट, असे माझे मत आहे. पैशाची तोशीस एकदाच पडते. वजनापेक्षाही तिचा मोठा गुण म्हणजे तिचा व्होल्टेज बहुतेक काळ १३ व्होल्टच्या आसपास टिकून राहतो आणि अगदी शेवटी झपकन कोसळतो. राउटरला हे फार मानवते. त्याचीच दुसरी बाजू अशी की व्होल्टेज पाहून किती चार्ज उरला आहे याचा अंदाज बांधता येत नाही. त्यासाठी आत-बाहेर गेलेला प्रवाह मोजणारा मीटर लागतो.

या बॅटरीच्या आत संरक्षक सर्किट असते. एखादा सेल २.५ व्होल्टच्या आसपास उतरला की ते बाहेरचा पुरवठा तोडते. ही शेवटची सोय आहे. रोजचा कट-ऑफ म्हणून तिच्यावर विसंबू नये, कारण काही बॅटऱ्या तेथून चार्जर लावल्याशिवाय पुन्हा जाग्या होत नाहीत. शून्य अंश सेल्सिअसखाली या बॅटऱ्या चार्ज करू नयेत. महाबळेश्वरच्या हॅमला याची क्वचितच गरज पडेल, पण अमेरिकेत किंवा कॅनडात डोंगरावर नोड ठेवणाऱ्या आपल्या मंडळींनी हे लक्षात ठेवलेच पाहिजे.

लेड-ॲसिड बॅटरी स्वस्त आहे, कोठेही मिळते, आणि कोणत्याही गावातला बॅटरीवाला तिची देखभाल करून देतो. तिला उष्णता सोसत नाही: तापमान दहा अंशांनी चढले की आयुष्य साधारण निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. पत्र्याच्या छताखालच्या पेटीत ती ठेवताना याचा विचार करावा.

घरच्या इन्व्हर्टरची मोठी बॅटरी वापरता येईल का?

येईल, आणि घरच्या नोडसाठी ही सर्वांत स्वस्त सोय आहे. भारनियमनामुळे आपल्याकडे १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी घरोघरी पोहोचलेली आहे. तिचा निम्मा भाग म्हणजे सुमारे ९०० वॅट-तास. दहा वॅटचा नोड, घरातले दिवे-पंखे बंद ठेवले तर, साडेतीन दिवसांहून अधिक चालतो.

मात्र दोन अटी आहेत. इन्व्हर्टर चार्ज करत असताना बॅटरीवर १४.४ व्होल्ट किंवा त्याहून अधिक असतात, आणि पंखे चालू असताना ती बरीच खाली येते, म्हणून राउटरला थेट न जोडता इनपुट वर-खाली झाले तरी आउटपुट स्थिर ठेवणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर मध्ये घालावा. दुसरे असे की इन्व्हर्टरचे बॅटरीकडचे टोक मुख्य विजेपासून विलग आहे याची विद्युत तंत्रज्ञाकडून खात्री करून घ्यावी. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या इन्व्हर्टरांबाबत ही शंका रास्त आहे.

पॉवर बँक किंवा बाजारातला राउटर यूपीएस चालेल का?

छोट्या यूएसबी राउटरसाठी पॉवर बँक उत्तम आहे. तिच्यावरचा १०,००० मिलिअँपिअर-तासांचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ३७ वॅट-तास. पाच व्होल्ट करतानाचा तोटा वजा जाता ३१ च्या आसपास उरतात. दीड वॅटचा राउटर त्यावर वीस तास निघतो. दोन गोष्टी आधी तपासाव्यात: फारच कमी प्रवाह घेणारे उपकरण जोडले तर काही पॉवर बँका ‘फोन भरला’ असे समजून आपोआप बंद होतात, आणि काही पॉवर बँका चार्जर लावताना किंवा काढताना क्षणभर आउटपुट तोडतात, त्यामुळे राउटर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

राउटर यूपीएस नावाच्या चपट्या डब्या घरचे इंटरनेट तासा-दोन तासांच्या खंडात चालू ठेवण्यासाठी बनवलेल्या असतात. आत सहसा दोन-तीन १८६५० आकाराचे लिथियम सेल असतात. तीन सेल प्रत्येकी २,००० मिलिअँपिअर-तासांचे धरले तर सगळे मिळून बावीस वॅट-तास. घरच्या नोडला पहिला धक्का सोसण्यापुरता त्याचा उपयोग आहे. शिबिरासाठी ती बॅटरी नव्हे.

नोड खांबावर ३० मीटर दूर आहे. वीज लॅनच्या केबलमधूनच द्यायची ना?

होय, आणि नेमके येथेच सर्वांत जास्त घोटाळे होतात, म्हणून हे सविस्तर.

लॅन केबलमधून वीज देण्याला पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) म्हणतात. युबिक्विटीच्या एम मालिकेसारखी उपकरणे पॅसिव्ह पीओई घेतात: केबलच्या ४ आणि ५ क्रमांकाच्या तारांवर धन, ७ आणि ८ वर ऋण. यात कोणतीही विचारपूस नसते. पलीकडे काय जोडले आहे हे न पाहता व्होल्टेज सतत चढवलेला असतो. म्हणून इंजेक्टरचे (केबलमध्ये वीज सोडणाऱ्या डबीचे) वीज असलेले टोक चुकूनही लॅपटॉपमध्ये खुपसू नये. एखादा पोर्ट निभावून नेतो, एखादा जळतो. ज्या केबलीत वीज आहे तिच्या दोन्ही टोकांना लाल चिकटपट्टी गुंडाळण्याची सवय चांगली.

आता घट पाहू. चांगल्या कॅट-५ई केबलमधील २४ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०८४ ओहम असतो. जाताना दोन तारा आणि येताना दोन तारा समांतर असल्याने ३० मीटरच्या केबलीत जाऊन-येऊन साधारण अडीच ओहम होतात. नोडमधला रेग्युलेटर हा स्थिर शक्ती खेचणारा भार असतो: व्होल्टेज कमी मिळाला तर तो प्रवाह वाढवतो, प्रवाह वाढला की केबलमधली घट वाढते, आणि घट वाढली की व्होल्टेज आणखी कमी मिळतो. १२ व्होल्टवर ६ वॅटचा नोड सुमारे ०.५७ अँपिअर घेतो आणि वर जेमतेम १०.५ व्होल्ट पोहोचतात. बॅटरी ११.५ व्होल्टपर्यंत उतरली आणि त्याच वेळी नोड कमाल ८ वॅट मागू लागला, तर प्रवाह ०.८५ अँपिअरच्या पुढे जातो आणि वर सव्वानऊ व्होल्ट उरतात. या टोकाला बहुतेक नोड गडबडतात. हीच केबल, हाच ८ वॅटचा नोड, पण खालून २४ व्होल्ट दिले तर घट ०.९ व्होल्टच्या आत राहते आणि केबलमध्ये वाया जाणारी शक्ती वॅटच्या तिसऱ्या हिश्शाएवढी होते.

बाजारात स्वस्त मिळणारी बरीच केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. चाकूने एक तार खरवडली की आतून पांढरी निघते, तीच ही. तिचा रोध दीडपटीहून अधिक असल्याने वरच्या ११.५ व्होल्टच्या उदाहरणात तिच्यातून ८ वॅट वर पोहोचवणे जवळपास अशक्य होते. डेटा व्यवस्थित जातो, त्यामुळे संशय केबलवर येतच नाही. पीओईसाठी ही केबल घेऊ नये, यावर मी तडजोड करत नाही.

मग २४ व्होल्ट कोठून आणावेत?

१२ व्होल्टच्या बॅटरीजवळ बूस्ट कन्व्हर्टर लावून २४ करावेत आणि केबलमध्ये सोडावेत. कन्व्हर्टर नेहमी खाली, बॅटरीच्या बाजूला. एक्सएल६००९ चिपवरची छोटी निळी सर्किटची पाटी स्वस्तात मिळते, पण तिच्या जाहिरातीतला ४ अँपिअरचा आकडा चिपच्या आतील स्विचचा असतो, आउटपुटचा नव्हे. सहा-आठ वॅटसाठी ती चालते. जोडण्यापूर्वी आउटपुट २४ वर बसवून, त्या बारीक स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकावा, म्हणजे प्रवासात तो फिरत नाही.

एलएम२५९६ ची तशीच पाटी फक्त व्होल्टेज उतरवते, आणि तिला इनपुट आउटपुटपेक्षा दीडेक व्होल्ट जास्त लागतो. साडेबारा व्होल्टच्या बॅटरीतून स्थिर १२ व्होल्ट काढण्यासाठी ती घेतली तर हाती ११ च येतात. त्या कामाला बक-बूस्टच हवा.

दोन बॅटऱ्या मालिकेत जोडून २४ व्होल्ट करण्याचा मोह होतो. चार्ज होताना अशी लेड-ॲसिडची जोडी २८.८ व्होल्टवर जाते आणि आठ सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी २९.२ वर. हॅपची मर्यादा २८ व्होल्ट आहे, आणि युबिक्विटीच्या नोडसोबत येणारा अडॉप्टर २४ व्होल्टचा. त्यामुळे २४ व्होल्टची बॅटरी चार्जरसह थेट जोडणे धोक्याचे.

हॅप एसी लाइट वापरणाऱ्यांसाठी एक उपयुक्त गोष्ट: त्याच्या पाचव्या पोर्टमधून आलेला व्होल्टेज तसाच पुढे पॅसिव्ह पीओई म्हणून देता येतो, पण अर्ध्या अँपिअरपर्यंतच. ११.५ व्होल्टला अर्धा अँपिअर म्हणजे पावणेसहा वॅट, जे ८ वॅटच्या नोडला अपुरे. २४ व्होल्टला तेच १२ वॅट होतात. म्हणून बूस्ट कन्व्हर्टर हॅपच्याच आधी लावला की एका फटक्यात दोन्ही प्रश्न सुटतात.

ऑफिसातला ४८ व्होल्टचा पीओई स्विच हाताशी आहे. तो चालेल?

८०२.३एएफ मानकाचा स्विच पलीकडच्या उपकरणाची ओळख पटल्याखेरीज वीज सोडत नाही, त्यामुळे २४ व्होल्टचा पॅसिव्ह नोड सहसा नुसता बंद राहतो. जो ४८ व्होल्टचा इंजेक्टर विचारपूस न करता वीज सोडतो तो मात्र असा नोड जाळू शकतो. नोडवर काय छापले आहे ते आधी वाचावे.

बॅटरी १२.४ व्होल्ट दाखवते, तरी राउटर मधूनमधून आपोआप रीस्टार्ट होतो. बिघाड राउटरमध्ये आहे का?

बहुधा नाही. मीटर दाखवतो ती सरासरी असते. रेडिओ प्रेषण करतो त्या काही मिलिसेकंदांत प्रवाह उसळतो आणि पिनेपाशी व्होल्टेज तेवढ्यापुरता खचतो. मीटरला तो खच दिसत नाही, राउटरमधल्या प्रोसेसरला दिसतो.

शोध राउटरच्या बाजूने सुरू करावा. राउटर चालू असताना, फाईल जात असताना, त्याच्या पिनेपाशी व्होल्टेज मोजावा. मीटरमध्ये किमान आकडा धरून ठेवण्याची सोय असेल तर ती वापरावी. मग तोच काळा प्रोब बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि लाल प्रोब राउटरच्या ऋण टोकावर ठेवून पाहावे: येथे अर्धा व्होल्ट दिसला तर तो परतीच्या वाटेत कोठेतरी वाया जातो आहे. धन बाजूलाही तसेच करावे. अशी चाचपणी एकेका जोडापर्यंत नेली की दोषी सापडतो. सहसा तो ढिला फ्यूज होल्डर, नीट न दाबलेला क्रिम्प किंवा चुकीची पिन असते. गोल डीसी पिना बाहेरून ५.५ मिलिमीटरच असतात, पण आतले भोक २.१ किंवा २.५ असते. २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटमध्ये बसते, चालू होते, आणि हलली की सुटते.

राउटर रीस्टार्ट होणे हा नुसता त्रास नाही. नोड परत उभा राहून शेजाऱ्यांशी जोडला जाईपर्यंत काही मिनिटे त्या बाजूचे जाळे तुटलेले राहते, आणि फ्लॅश मेमरीत काही लिहिले जात असतानाच वीज खचली तर फर्मवेअर बिघडण्याचीही शक्यता असते.

कमी व्होल्टेजला आपोआप तोडणारे सर्किट लावावे का?

लेड-ॲसिडसाठी लावलेच पाहिजे, पण तोडण्याचा आणि पुन्हा जोडण्याचा व्होल्टेज यांत पुरेसे अंतर हवे. भार काढला की बॅटरी थोडी सावरते. ११.५ ला तोडून ११.८ ला जोडणारे सर्किट असेल, तर बॅटरी सावरून तेवढी वर येते, राउटर चालू होतो, बॅटरी पुन्हा खचते, आणि हा खेळ रात्रभर चालतो. प्रत्येक फेरीत बॅटरी आणखी थोडी मरते. ११.५ ला तोडावे आणि १२.६ च्या वर गेल्याखेरीज, म्हणजे खरोखर चार्ज सुरू झाल्याखेरीज, जोडू नये.

सौर चार्ज कंट्रोलरच्या ‘लोड’ टर्मिनलवर ही सोय तयार मिळते. तेथे एक खाच आहे: अनेक स्वस्त कंट्रोलर धन नव्हे, ऋण बाजू तोडतात. तुमच्या नोडचे ऋण टोक शील्ड असलेल्या केबलमधून किंवा अँटेनाच्या खांबातून अर्थिंगला गेले असेल, आणि बॅटरीचे ऋणही अर्थ केलेले असेल, तर कंट्रोलरने तोडल्यावरही प्रवाह त्या आडवाटेने वाहत राहतो. मग कट-ऑफ आहे असे वाटते, पण तो नसतो.

फ्यूज आणि कनेक्टर कोणते घ्यावेत?

फ्यूज धन तारेवर, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ. तो राउटरला वाचवण्यासाठी नसून वायरीला वाचवण्यासाठी असतो, म्हणून तो वायरीच्या क्षमतेपेक्षा कमी हवा. एका-दोन नोडांसाठी मोटारीतला ३ किंवा ५ अँपिअरचा पात्याचा फ्यूज पुरतो. लहानशी वाटणारी बॅटरीही शॉर्ट झाल्यावर वायरीचे आवरण वितळवण्याइतका प्रवाह देते.

हॅम मंडळींत अँडरसन पॉवरपोल हा कनेक्टर रूढ आहे: लाल धन, काळा ऋण, तोंडाच्या बाजूने, जिभा खाली ठेवून पाहिले तर लाल डावीकडे. हा क्रम सर्वांनी पाळला तर आपत्तीच्या वेळी कोणाचीही बॅटरी कोणाच्याही नोडला लागते, आणि हाच त्याचा खरा फायदा. मोठ्या बॅटरीच्या टर्मिनलवर व्हॅसलीन लावावे, हा बॅटरीवाल्याचा सल्ला येथेही लागू आहे.

कन्व्हर्टर लावल्यापासून एचएफवर (लघुलहरींच्या बँडांवर) खरखर वाढली. काय करावे?

स्विचिंग कन्व्हर्टर शेकडो किलोहर्ट्झवर चालतात आणि त्यांचे हार्मोनिक्स ८० व ४० मीटरच्या बँडांत सहज ऐकू येतात. कन्व्हर्टर धातूच्या डबीत ठेवावा, त्याच्या दोन्ही बाजूंच्या तारा आखूड व पिळलेल्या असाव्यात, आणि प्रत्येक बाजूच्या तारेला ३१ क्रमांकाच्या मिश्रणाच्या फेराइट कड्यावर काही वेढे द्यावेत. नुसती चिमट्यासारखी बसणारी मणी एका वेढ्यात एचएफवर फारसे काही करत नाही. एचएफची अँटेना दूर नेता आली तर तेही करावे.

सौर पॅनेलवर नोड कायमचा चालेल का?

चालतो, पण हिशेब पावसाळ्याचा धरावा, मे महिन्याचा नव्हे. ६ वॅटचा नोड दिवसाला १४४ वॅट-तास घेतो. ढोबळ मानाने ३० टक्के तोटा धरला, तर दिवसाला पाच तास पूर्ण ऊन असताना ४० वॅटचे पॅनेल पुरेसे वाटते. आषाढात सलग ढग असताना तेच ऊन दोन तासांएवढे किंवा त्याहूनही कमी होते, आणि लागणारे पॅनेल १०० वॅटच्या पुढे जाते. शिवाय चार दिवस ऊनच पडले नाही तर काय, यासाठी सुमारे ५७६ वॅट-तास साठवणूक लागते; लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये ती ५५-६० अँपिअर-तासांच्या घरात जाते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर एवढे करूनही एखादा आठवडा नोड बंद राहील, हे आधीच मान्य करावे आणि त्या भागासाठी दुसरी वाट ठेवावी.

पाऊस आणि वीज पडणे यांबाबत काय काळजी घ्यावी?

केबल पेटीत वरून न नेता खालून न्यावी आणि शिरण्याआधी तिला खाली लोंबणारा वळसा द्यावा, म्हणजे पाणी वळशावरून गळून जाते. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण हवाबंद पेटीत ठेवू नये. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. लॅन केबल इमारतीत शिरते तेथे सर्ज अरेस्टर लावून त्याला चांगले अर्थिंग द्यावे. थेट पडलेल्या विजेपुढे यांपैकी काहीच टिकत नाही; शिबिरात गडगडाट सुरू झाला की केबल काढून ठेवणे आणि माणसांनी खांबापासून दूर होणे, एवढाच उपाय.

भारतात हे सगळे करायला परवाना लागतो का?

एआरईडीएनचे चॅनेल अमेरिकेच्या हौशी रेडिओ नियमांनुसार आखलेले आहेत, ते येथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरलेल्या शक्तिमर्यादेत परवानामुक्त आहे. एआरईडीएनमधला उणे दोन क्रमांकाचा चॅनेल २३९७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे या पट्ट्याच्या बाहेर येतो, म्हणून तो येथे निवडू नये. हौशी बँडवर काम करायचे तर तुमच्या परवान्याच्या श्रेणीला तो बँड मंजूर आहे का हे डब्ल्यूपीसीच्या (रेडिओ परवाने देणाऱ्या केंद्र सरकारच्या विभागाच्या) चालू नियमांत पाहावे. हौशी बँडवर अर्थ लपवण्यासाठी एन्क्रिप्शन करू नये, हा नियम जवळपास सर्वत्र आहे.

मोहीम नसताना बॅटऱ्या कशा ठेवाव्यात?

लेड-ॲसिड पूर्ण भरून ठेवावी आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरावी. उतरलेल्या स्थितीत पडून राहिली तर तिच्या प्लेटांवर सल्फेट जमते आणि ती परत येत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट निम्म्याच्या आसपास चार्ज करून, थंड जागी, सर्व भार काढून ठेवावी. ‘सर्व भार’ यात कन्व्हर्टरही आला, कारण पुढे राउटर जोडलेला नसला तरी कन्व्हर्टर आणि त्यावरचा लुकलुकणारा दिवा महिनोन्महिने थोडी थोडी बॅटरी पीत राहतात. पेटीवर शेवटचे चार्ज केल्याची तारीख आणि त्या वेळचा व्होल्टेज पेन्सिलीने लिहून ठेवावा.